आत कडी लावणारी

आमच्या झाशीच्या गल्लीत एक मालिशवाली येते. मला ती फारशी आवडत नाही. तेल हातावर घ्यायच्या आधी तिचं तोंड सुरू होतं आणि एका घरचं ती दुसऱ्या घरी सांगते. तिला एकदा म्हटलं, "तुझ्या तोंडाला झाकण नाही." ती म्हणाली, "झाकण तेल की शीशी पे है, बाई जी. वही बहुत है."

परवा माझे गुडघे चोळताना ती एक शब्द बोलली नाही, तेव्हा मीच घाबरले. शेवटी हळूच म्हणाली, "बगलवाली अम्मा की बाँह पे किसी की उँगलियाँ छपी हैं. तुम साथ चलो."

शेजारच्या अक्का मुलाजवळ राहतात. त्यांना काही विचारलं की उत्तर तोच देतो, "पडली."

आम्ही गेलो तर तो खोलीतून हलेना. "भैया, औरतों की मालिश है, बाहर बैठो," म्हणत तिने आतून कडी लावली. अक्कांनी बाही वर केली. "दुसऱ्यांदा पोळी मागितली की हात मुरगळतो," त्या म्हणाल्या, आणि दाराकडे बघत राहिल्या.

बाहेर येऊन ती मुलाला म्हणाली, "अम्मा की बाँह मैंने भी देखी, इन्होंने भी. मेरा मुँह तो जानते हो, भैया. कल फिर देखूँगी."

तो दारातून बाजूला सरला.

मी अक्कांच्या लेकीला बोलावलं आहे. ती येईपर्यंत मालिशवाली रोज आत कडी लावते, आणि मी बाहेर त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसते.