वत्सलाबाईंची पाठ

तंजावरातल्या त्या घरात हृदयाचं दुखणं तुळजारामांच्या वाट्याचं होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका येऊन गेला. तेव्हापासून त्यांचं सांबार वेगळं, जवळजवळ अळणी. आणि नव्यानं घेतलेल्या केबलवर क्रिकेटचा सामना लागला, की त्यांच्या छातीला ताण नको म्हणून टीव्हीचा आवाज बंद.

त्यांच्या बायकोच्या, वत्सलाबाईंच्या, वाट्याला हाडं आली होती. तिशीत त्यांना ल्यूपस जडला, शरीर स्वतःवरच उलटतं तो आजार. सांधे सुजले, गालांवर लाल चट्टे उठले. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी सूज आवरली, पण वर्षानुवर्षं त्याच गोळ्या खाऊन हाडं भुसभुशीत झाली. उन्हात गेलं की चट्टे उठत, म्हणून दारातला कोलम, म्हणजे तिकडची रांगोळी, त्या उजाडायच्या आत काढत. पोंगलच्या सुमारास घागर उचलताना मणका दबला, तेव्हापासून कमरेला पट्टा.

त्यामुळे उन्हाळ्यात चालताना खांद्यांच्या मधोमध दाबल्यासारखं व्हायला लागलं, तेव्हा त्यांनी पट्टा आणखी आवळला. घाम फुटायचा, जबडा ठणकायचा. हाडंच ती, कुरकुरणारच, असं म्हणून त्या पुन्हा कामाला लागत.

तुळजारामांच्या तपासणीला दोघं दवाखान्यात गेली. दवाखाना माडीवर. अर्ध्या जिन्यात वत्सलाबाई कठडा धरून थांबल्या.

"अगं चल, नंबर जाईल," तुळजाराम वरून म्हणाले. "पेशंट मी का तू?"

"तुम्हीच. व्हा पुढे."

डॉक्टरीणबाईंनी तुळजारामांना तपासलं. "सर, तुम्ही ठणठणीत आहात." मग त्यांची नजर मागच्या खुर्चीकडे गेली. "अम्मा, पंख्याखाली बसून एवढा घाम?"

'काही नाही' वत्सलाबाईंच्या ओठांवर आलंच होतं. आणखी एक दुखणं म्हणजे आणखी गोळ्या, आणखी एक रांग, आणि आणखी एक पथ्य, तेही त्यांनीच रांधायचं. पण आज 'काही नाही' म्हणायलाही दम उरला नव्हता.

"चढलं की पाठ दुखते," त्या म्हणाल्या. "जरा बसलं की थांबतं. आज थांबत नाहीये."

"मणक्याचं दुखणं असं बसल्याबरोबर थांबत नाही, अम्मा." डॉक्टरीणबाईंनी त्यांना खाटेवर निजवलं, तारा लावल्या, कागदाची पट्टी निरखून पाहिली. "ल्यूपस असलेल्या बायकांच्या रक्तवाहिन्या लवकर खराब होतात. कमी वय पाहून कुणाला शंका येत नाही. हे हृदयाचं आहे. आज घरी जायचं नाही."

"हिला?" तुळजाराम गोंधळले. "डॉक्टर, हिला हाडांचं आहे."

"दोन्ही आहे, सर."

नर्सनं सुई टोचली. तुळजाराम खाटेशी उभे राहिले, पिशवी या हातातून त्या हातात घेत.

"आधी बोलायचंस तरी."

"बोलले असते तर डॉक्टरांकडे कोण घेऊन येणार होतं? तुम्हाला तर मीच आणते."

तुळजारामांनी पिशवी खाली ठेवली. मग त्यांनी हळूच विचारलं, "रात्रीला तांदूळ कुठल्या डब्यात आहेत?"

वत्सलाबाईंना ते ठाऊक होतं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"शोधा," त्या म्हणाल्या.