बारा तासांची वाट

टेंपो दारात उभा होता, माझी बॅग आत गेली होती, तेव्हा काकांनी शेवटचा विरोध करून पाहिला. "वहिनी, सात हजार किलोमीटर हाय. एकट्या पोरीला धाडताय."

आईला किलोमीटर कळत नव्हते. तिनं मला विचारलं, "किती येळ लागतो गं?"

"विमानानं मधला थांबा धरून बारा तास."

ती थोडी सैलावली. "म्हंजे तुळजापूर." साजगावहून देवीला जायला आम्हाला साधारण तेवढाच वेळ लागायचा. "बसू दे तिला," ती काकांना म्हणाली. बाबांनी मान हलवली आणि टेंपो निघाला.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. नर्सिंग संपवून मी बर्मिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात चालले होते. तिथं वॉर्ड, नाइट ड्यूटी, खोलीतला हीटर चालू ठेवायला त्यात टाकायची नाणी असं माझं आयुष्य सुरू झालं. इकडे आई भाताच्या खाचरात वाकून शेजारणींना सांगायची, "पोर हाय तुळजापुराएवढ्या लांब."

तिसऱ्या वर्षी बाबा गेल्याची तार आली. मी पोचले तेव्हा आठवडा उलटला होता. आई ओटीवर भिंतीला टेकून बसली होती. तिनं मला जवळ घेतलं, रडली, आणि मग बऱ्याच वेळानं विचारलं, "बारा तासांची वाट ना गं? मग बाकीचा येळ कुठं गेला?"

त्यात राग नव्हता. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. मी सांगितलं: रजा मंजूर व्हावी लागते, तिकीट मिळावं लागतं, विमानात जागा नसली तर थांबावं लागतं. तिनं सगळं नीट ऐकलं. "म्हंजे तुज्या गावाला जायाची वाट मला ठावच नाय," ती म्हणाली. "एकदा बघाया पायजे."

ती आली ती माझ्या मुलीच्या जन्माच्या वेळी, पुढच्या दशकात. साठीची बाई, पायात पहिल्यांदाच मोजे. विमान सकाळी सुटलेलं आणि पश्चिमेला चाललेलं. बाहेर येताच तिनं विचारलं, "आज दिवस का मावळत नव्हता गं? दिवेलागण झाली की जेवू म्हटलं, तर जेवायचंच ऱ्हायलं."

मी घरी कणकेचा गोळा आणि संत्रं घेऊन पृथ्वी फिरवून दाखवली. तिनं दोनदा फिरवायला लावली. मग चार महिने ती सगळं बघत राहिली. माझी बस कुठून सुटते, हॉस्पिटलचं दार कुठलं, दूधवाला बाटल्या कुठं ठेवतो. वरच्या मजल्यावरच्या आयरिश बाईकडे भाषेवाचून चहा पिऊन आली. पेरणीचे दिवस जवळ आले तशी मात्र तिला राहवेना.

निघायच्या सकाळी मुलीला मांडीवर घेऊन ती मला म्हणाली, "आदी तुजी आठवन आली की नुसतं तोंड दिसायचं. भवती कायच नाय. आता जिना दिसल, खिडकी दिसल, तू कुठल्या खुर्चीत बसतीस ते दिसल. बरं झालं."

मला कुणी विचारतं, तुमचं घर कुठलं? साजगाव म्हणावं की बर्मिंगहॅम, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण त्या दिवशी आईला सोडून विमानतळावरून परतल्यावर मी त्या खुर्चीत जाऊन बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला त्या खोलीत परकं वाटलं नाही.