चंपाअक्काने टाइप केलेले दोन कागद

चामराजपेटेतल्या एका झेरॉक्सच्या दुकानाच्या ओट्यावर चंपा टाइपरायटर घेऊन बसायची. भाडेकरार, वाटणीपत्रं, प्रतिज्ञापत्रं. कन्नड म्हणा, इंग्रजी म्हणा. मूळची निपाणीची, घरी मराठी. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. चंपाचं पोट ती पायरी चढणाऱ्यांवरच चालायचं. कागदावर तिचा देवापेक्षा काकणभर जास्तच विश्वास. शिकलेली होती ना, तिथंच फसली.

नवरा परसू बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात फिटर. हात यंत्रावर चाले तसाच बायकोवरही. एक्क्याण्णव साली त्याने तिचं डावं मनगट मोडलं, तेव्हा तिने पोलिसांत तक्रार दिली. लगेच समाजाचे पंच धावले. बायको मार खाताना यांतला एकही धावला नव्हता. त्यांतले वडीलधारे त्रिविक्रमअण्णा म्हणाले, "पोरीकडं बघ की चंपा. तक्रार मागं घे, परसू तुला पायजे तसं लिहून देतोय."

प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून चंपाने उजव्या हाताने, एकेक अक्षर करत, स्टॅम्पपेपरवर करार उतरवला. परसू पुन्हा हात उगारणार नाही, आणि वेगळं व्हायची वेळ आलीच तर मुलगी सिद्धी आईकडे राहील. परसूने सही केली, पाची पंचांनी केल्या.

मग पोलिसांसाठी दुसरा कागद. त्याचा मजकूर तिला पाठच होता, दुसऱ्या बायकांसाठी कितीदा तरी टाइप केलेला. 'रागाच्या भरात मी खोटी तक्रार दिली. पतीने मला कधीही मारहाण केलेली नाही.' असं लिहिल्याशिवाय तक्रार मिटत नाही, हा रिवाज. खोटं लिहिताना तिला लाज वाटली, पण पोर आपल्याकडे पक्की झाली म्हणून तिने डोळे मिटून सही ठोकली.

पाच वर्षं बरी गेली. शहाण्णवच्या दसऱ्यानंतर परसूने दुसरी बाई घरात आणली, चंपाला दाराबाहेर काढलं आणि नऊ वर्षांच्या सिद्धीला ठेवून घेतलं. चंपा शाळेच्या फाटकापाशी उभी राही, तर परसूची आई नातीला दुसऱ्या दाराने घेऊन जाई. चंपाला अन्न गोड लागेना. करार मात्र जवळ होता, त्याच्या जोरावर ती सुधींद्र वकिलांकडे गेली. त्यांचे कितीतरी कागद तिनेच टाइप केलेले.

वकिलांनी करार दोनदा वाचला. "अक्का, लग्न मोडलं तर असं करू, हे नवरा-बायकोने आधी ठरवलेलं कोर्टावर बंधनकारक नसतं. मूल कुणाकडं, ते कोर्टच ठरवतं."

"पाच पंचांच्या सह्या आहेत, सर."

"पन्नास असत्या तरी."

मुलीच्या ताब्यासाठी कोर्टात अर्ज टाकून ती त्रिविक्रमअण्णांकडे धावली. निदान परसू मारायचा एवढं तरी कोर्टात सांगा म्हणून पाया पडली. अण्णांनी हात झटकले. "संसार टिकावा म्हणून सही केली बाई. मोडायच्या कामात मला ओढू नको."

कोर्टात ती दुसरी बाई परसूची लांबची बहीण झाली होती. त्याच्या वकिलाने पोलिसांकडचा कागद पुढे केला. ही बाई चिडली की खोट्या तक्रारी करते, म्हणाला.

न्यायाधीशांनी विचारलं, "हे तुम्हीच टाइप केलंय?"

"हो सर. पण असंच लिहितात सगळे."

केसचा निकाल लागेपर्यंत मुलगी बापाकडे, आईने रविवारी तासभर भेटावं, असा हुकूम झाला. पहिला करार, पाच सह्यांसकट, कुणी मागितलाही नाही.

पहिल्या रविवारी देवळाच्या आवारात, बाकावर, सिद्धी तिच्या शेजारी बसली. चंपाने आणलेले चिरोटे तिने उघडलेही नाहीत.

"अप्पांनी तुला कधी मारलंच नाही म्हणे. कागद दाखवला मला."

"मारलं होतं बाळा. खूप मारलं होतं. तो कागद खोटा आहे."

"खाली तुझीच सही आहे."

"आहे. तू माझ्याजवळ राहावीस म्हणून केली गं."

"म्हणजे खोटं तूच लिहिलंस," सिद्धी म्हणाली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकून बसली.