जाऊबाईंचं धुकं

आमचे हे आणि थोरले दीर, दोघेही मुंबईला गिरणीत. त्यांच्या जेवणाची सोय म्हणून सासूबाईंनी थोरल्या जाऊबाईंना तिकडे धाडलं आणि मला किहीमला आपल्यापाशी ठेवून घेतलं. नवरा माझा, पण त्याच्या ताटात रोज भाकरी वाढणार त्या. एवढ्या एका गोष्टीवरून तीन वर्षं मी आतल्या आत जळत होते.

संक्रांतीला त्या आगबोटीनं गावी आल्या. सकाळी वालाच्या शेतात गेलो, तर धुकं इतकं दाट की बांधापलीकडच्या सासूबाई नुसत्या ऐकू येत होत्या. पदर दवानं ओला झाला. जाऊबाई म्हणाल्या, "आमच्या मुंबईत याहून दाट पडतं. समोरची चाळ दिसत न्हाय."

आता धुकंसुद्धा यांचंच मोठं! दिवसभर मी त्यांच्याशी धड बोलले नाही. मधूनमधून त्यांना ढास लागत होती. बोटीवरचं वारं बाधलं असेल, म्हणून मी सोडून दिलं.

पुढच्या थंडीत ह्यांचं पत्र आलं. शाळेतल्या मास्तरांनी वाचून दाखवलं : वहिनींचा खोकला बळावलाय, हिला थोडे दिवस पाठवा. सासूबाई डोळे पुसू लागल्या. मी मेली चूल फुंकायच्या निमित्तानं आत गेले आणि हसले.

रेवसहून आगबोटीनं मुंबई गाठली. दुसऱ्या दिवशी पहाटे गॅलरीत आले तर खरंच समोरची चाळ गायब. मी हौसेनं भरभरून श्वास घेतला, आणि घशात कोळसा उतरावा तशी आग झाली. धुतलेलं धोतर दोरीवर टाकलं, ते दुपारी काढलं तर त्याच्यावर काळे ठिपके.

"जाऊबाई, धुक्यानं कापड ओलं होतं. हे काळं कसं झालं?"

अंथरुणातूनच त्या म्हणाल्या, "ते धुकं न्हाय गो. गिरण्यांचा धूर हाय. थंडीत वर चढत न्हाय, धुक्यात मिसळून खालीच बसतो."

"मग तेव्हा धुकं म्हणून का सांगितलंत?"

त्या बराच वेळ खोकल्या. मग म्हणाल्या, "तू शेतात उभी होतीस, गाल टवटवीत, सासूबाई सारख्या तुलाच हाका मारत होत्या. मला वाटलं, माझ्याकडं बी काहीतरी जास्त असावं."

 मी त्यांना पाणी दिलं.

आठ दिवसांत दीर त्यांना गावी सोडून आले आणि चाळीतली खोली माझ्या ताब्यात आली. मी रोज गॅलरीचा कठडा पुसायची आणि रोज फडकं काळं व्हायचं. तरी मी सुखात होते. एका संध्याकाळी जेवताना हे सहज बोलून गेले, "वहिनींची भाकरी मऊ असायची." त्या रात्री मी जेवले नाही.

होळीला गावी गेलो. जाऊबाईंचा खोकला गेला होता, अंगानं भरल्या होत्या. माझी शेतं त्या राखत होत्या, आणि सासूबाई अंगणातून हाक मारत होत्या ती त्यांच्याच नावानं. मी ओटीवर बसून ऐकत राहिले. थोड्या वेळानं मलाच ढास लागली.

"पाणी आणू गो?" जाऊबाईंनी विचारलं.

"नको," मी म्हटलं, "बोटीवरचं वारं बाधलंय."