नवरदेवाचा हार

अकोल्याला कामासाठी गेलो की जुन्या, छपराच्या बाजारात माझी फेरी ठरलेली, आणि तीही फुलवाल्या मावशींसाठी. त्या हसल्या की पार पलीकडच्या दारातलं गिऱ्हाईक वळून पाहतं. नाव मी कधी विचारलं नाही. त्या मला भाऊ म्हणतात आणि न मागता खिशात मोगरा टाकतात.

गेल्या खेपेला बाजारात एक सांड शिरला. लोक ओरडत ओट्यांवर चढले, मीही चढलो. खाली राहिले फक्त कांदेवाले आजोबा. गुडघ्यांमुळे त्यांना उठता येईना, आणि सांड नेमका त्यांच्याकडेच निघाला.

"काहून चढले भाऊ? थो काय वाघ हाय?" म्हणत मावशी खाली उतरल्या. नवरदेवासाठी केलेला जाडजूड हार त्यांनी सांडाच्या तोंडाशी धरला. त्यानं एक घास तोडला. "ये राजा, ये," म्हणत, मागे मागे सरकत, मावशींनी त्याला दाराबाहेर नेलं. सगळा बाजार शिट्ट्या मारू लागला. आजोबा तर हसता हसता रडले.

एवढ्यात लग्नघरचे काका हार न्यायला आले.

"नवरदेव आताच घेऊन गेला," मावशी म्हणाल्या. "बसा, दुसरा होऊन राह्यला."

हसून हसून माझं पोट दुखायला लागलं. मावशींना मात्र काही केल्या सुईत दोरा ओवता येईना.

"हसून काय राह्यले भाऊ," त्या हळूच म्हणाल्या, "ओवून द्या मले."

मी सुई घेतली. माझाही हात तसाच कापत होता. ते पाहून मावशींना पुन्हा हसू फुटलं.