म्हसूचा घास

“मेलेला असंल तर हितं कावून आणला बे?” दवाखान्याचा शिपाई गाडीवानाला विचारत होता.

मी मनगट धरून पाहिलं. नाडी चालू होती.

ही निजामाच्या अमलातली गोष्ट. बीड जिल्ह्यात, गोदाकाठच्या एका तालुक्याच्या गावी मी सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो. मिक्श्चर बनवायचं, जखमा बांधायच्या, आणि डॉक्टरसाहेब सांगतील ते करायचं, एवढंच माझं काम. गाडीत होता तो म्हसू नावाचा मेंढपाळ. वय तिशीचं. शेळ्यांसाठी लिंबाचे डहाळे तोडताना फांदी मोडली आणि गडी डोक्यावर आपटला. बरोबर त्याचा थोरला भाऊ धोंडी आणि विधवा बहीण कोंडाबाई होती. तिनं सगळ्या वाटेनं त्याचं डोकं मांडीवर दाबून धरलं होतं.

चौथ्या दिवशी म्हसूनं डोळे उघडले. पण उजवा हात-पाय लुळा, तोंड वाकडं, आणि वाचा गेलेली. मेंदूला मार बसला की असं होतं. डोक्याच्या डाव्या बाजूला मार लागला तर अंगाची उजवी बाजू जाते आणि बहुतेक वेळा बोलणंही.

डॉक्टरसाहेब हैदराबादचे. त्यांना मराठी कळायचं, पण बोलायचे दखनीच. त्यांनी मला बाजूला घेतलं.

“ऑपरेशन हैदराबाद में होता. उत्ता लंबा रस्ता ये सहेगा नईं. घर लेको जान दे. तू हर हफ्ते जाको देख. पीठ पे जखम हुई तो मैं तेरे को पूछूँगा.”

पाठीवरची जखम म्हणजे बेडसोअर. रोगी एकाच अंगावर पडून राहिला की खालची कातडी सडते. अशा रोग्यांतले बरेचजण डोक्याच्या मारानं न मरता त्या जखमेनं मरतात. साहेबांनी सांगितलेलं सगळं मी कोंडाबाईला समजावलं. कूस बदला, अंग कोरडं ठेवा, पोटात रोज शेरभर दूध गेलं पाहिजे. तिनं मान हलवली.

त्यांची वाडी दोन कोसांवर. पहिल्या खेपेला मी चुका काढायच्या तयारीनंच गेलो. पाठ पाहिली, कंबर पाहिली, टाचा पाहिल्या. कुठं लाल ठिपकासुद्धा नव्हता. घोंगडीखाली तिनं धुऊन पिंजलेली लोकर पसरली होती, टाचांखाली लोकरीच्या उशा होत्या.

“हे कुणी सांगितलं?” मी विचारलं.

“कुणी सांगायचं? आजारी मेंढरू एका कुशीवर पडलं की त्याची कातडी जाती. मग मानसाची न्हाई का जायची?”

मी खूश होऊन परत आलो. तिसऱ्या खेपेला मात्र म्हसू मला बारीक दिसला. गालफडं बसली होती.

“दूध किती देतेस?”

“दूध बंद केलंय.”

“बंद? कुणाला विचारून?”

“दूध दिलं की ठसका लागतोय. मग रातभर छातीत घरघर वाजती. मी ज्वारीची घट्ट आंबील चाटवते, बोटानं, चांगल्या अंगाकडून. वेळ लई लागतो, पर ठसका न्हाई.”

मला राग आला. डॉक्टरचा हुकूम आणि ही बाई बदलते! मी वाटीभर दूध मागवलं. म्हसूला उताणा ठेवूनच मान वर केली आणि वाटीनं दूध ओतलं.

दोन घोट आत गेले. तिसऱ्याला त्याचे डोळे विस्फारले. आवाज नाही, खोकला नाही. ओठ निळे पडले. वाटी कधी पडली तेही कळलं नाही.

कोंडाबाईनं मला ढकललं. म्हसूला कुशीवर ओढला, डोकं बाजेखाली लोंबतं सोडलं आणि पाठीवर तळहातानं जोरजोरात थापा मारल्या. तोंडातून दूध आलं, मग फेस, मग एकदाचा खोकला. तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं आणि पाठ चोळत बसली.

मी दवाखान्यात जाऊन डॉक्टरसाहेबांना सगळं खरं सांगितलं. नोकरी जाईल असं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते घोड्यावर बसून स्वतः वाडीवर आले. स्टेथोस्कोप लावून छाती ऐकली.

“बाई, मेरे सामने खिला.”

तिनं म्हसूला उशांना टेकवून बसवलं. हनुवटी जराशी खाली केली. बोटभर आंबील डाव्या गालात ठेवली. मग दुसरं बोट त्याच्या गळ्यावर ठेवून थांबली. गळ्याची गाठ वर जाऊन खाली आली, तेव्हा पुढची बोटभर आंबील. एक वाटी संपायला घटकाभर लागली. साहेब तेवढा वेळ जमिनीवर मांडी घालून बसले होते. अधूनमधून नोटबुकात लिहीत होते.

“ये कायकू?” त्यांनी गळ्यावरच्या बोटाकडे पाहून विचारलं.

“गिळलं का न्हाई ते कळतंय, सायब. अशक्त कोकराला असंच बघून पाजतेत.”

साहेब माझ्याकडे वळले. “दूध मेरा हुकूम था. गलती मेरी. अब से ये बाई बोलती वैसा.”

पुढं चारा संपला. कळप हलवायची वेळ आली. धोंडी म्हणाला, “याला गाडीत घालून नेऊ.”

“हादऱ्यानं मरंल त्यो,” कोंडाबाई म्हणाली. “तुमी जावा. मी ऱ्हाते.”

साहेबांनी दवाखान्यामागची पडवी तिला मोकळी करून दिली. धोंडीनं आणि वाडीतल्या गड्यांनी म्हसूला बाजेसकट खांद्यावर उचलून तिथं आणलं. ती चार महिने तिथं राहिली. रोज दोनदा त्याचा लुळा हात-पाय हलवायची, मग काखेत हात घालून उभा करायची. पडवीच्या खांबापासून विहिरीपर्यंत पहिल्यांदा चालत जायला त्यांना महिना लागला.

एके दिवशी गेवराईच्या बाजाराला निघालेल्या मेंढ्या रस्त्यानं चालल्या होत्या. पडवीतून एकदम मेंढपाळाची लांबलचक हाळी ऐकू आली. म्हसू खांबाला धरून उभा होता. मेंढ्या थबकल्या. कोंडाबाई तोंडावर पदर धरून रडत होती.

म्हसूला पुढंही बोलता आलं नाही. बहिणीचं नाव त्याच्या तोंडून कधी निघालं नाही. ती हाळी मात्र येत राहिली. काठीच्या आधारानं, पाय ओढत, तो पुढची पुष्कळ वर्षं कळपामागं हिंडला. डोक्याला मार लागलेला कुणी दवाखान्यात आला की साहेब मला पाठवायचे, “उस बाई को बुला.” ती वाडीवर असली तर यायची आणि घरच्या बायांना भरवायला शिकवायची.

मी नोकरी संपेपर्यंत एक नेम पाळला. रोग्याला काय द्यायचं हे सांगण्याआधी, त्याच्या उशाशी जो बसतो त्याला विचारायचं, “तुम्हाला काय दिसतंय?” प्रश्न सोपा आहे. मला तो सुचायला एक माणूस निळा पडावा लागला.