दीडशे वॅटचा चार्जर

बायको बाळंतपणासाठी फैजपूरला माहेरी गेली होती आणि डॉक्टरांनी दिलेली तारीख उलटून चार दिवस झाले होते. मी जळगावात. रजा बाळ झाल्यावर लागेल म्हणून राखून ठेवलेली. सासूबाई फोनवर म्हणायच्या, "कळा सुरू झाल्या की लगेच कळवतो. आत्ता येऊन काय करणार?" खरंच होतं. पण घरात बसवत नव्हतं, आणि बाहेर मे महिना.

म्हणून मी लॅपटॉपच्या मागे लागलो. गेमिंगचा लॅपटॉप, लग्नाआधी हौसेनं घेतलेला. त्याचं ग्राफिक्स कार्ड ओव्हरक्लॉक करायचं, म्हणजे कंपनीनं ठरवलेल्या वेगापेक्षा थोडं जास्त पळवायचं, एवढाच बेत. वेग वाढवला, गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावला. दहा मिनिटं झकास, मग गचके. कार्ड ठीक होतं, प्रोसेसरच चार गिगाहर्ट्झवरून आठशे मेगाहर्ट्झवर येऊन बसायचा. कार्ड मूळ वेगावर आणलं की पुन्हा सगळं सुरळीत.

जळगावचा उन्हाळा म्हटल्यावर मी दोष तापण्यालाच दिला. मागचं झाकण उघडून पंखे साफ केले, प्रोसेसरवरची पेस्ट बदलली, कूलर टेबलासमोर ओढला. तापमान बहात्तरच्या वर जाईना, तरी प्रोसेसर आपटायचा तो आपटायचाच. मी दर पाच मिनिटांनी एकदा आकडे बघायचो, एकदा फोन.

बायकोनं फोनवर विचारलं, "काय करतोयस?"

"लॅपटॉप बघतोय."

"अजून? घाबरलायस का रे?"

"नाही," मी म्हणालो. ती हसली, पण तिचाही आवाज थकलेला होता.

नातवंडाच्या ओढीनं नाना, म्हणजे माझे वडील, आदल्या दिवशीच दोंडाईच्याहून आले होते. त्यांचा जन्म विहिरीवरच्या मोटारींचं वायंडिंग करण्यात गेला. तेही खोलीतून गॅलरीत, गॅलरीतून खोलीत करत होते. शेवटी माझ्याजवळ येऊन बसले. पडद्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. खाली पडलेल्या चार्जरला हाताची मागची बाजू लावली आणि झटकन काढून घेतली.

"हाऊ चार्जर यानाच शे का?"

नव्हता. लॅपटॉपचा मूळचा चार्जर ऑफिसच्या कपाटात राहिला होता. पिन बसते म्हणून मित्राचा जुना वापरत होतो. उलटा करून वाचला तर दीडशे वॅट. माझा दोनशे तीसचा. कार्डाची भूक वाढवल्यावर चार्जरची ताकद संपत होती, आणि लॅपटॉप प्रोसेसरचा गळा आवळून कसंबसं निभावत होता. चार दिवसांत मला हे सुचलं नव्हतं. राग आला, हसूही आलं.

भर दुपारी स्कूटर काढून ऑफिसातून चार्जर आणला. आता आठशेवर पडणं थांबलं. तरी कार्ड जोरात पळू लागलं की प्रोसेसर तीन गिगाहर्ट्झपर्यंत उतरायचाच. दोघांना मिळून विजेची एकच मर्यादा असते, हे मी नानांना समजावून सांगितलं.

"मंग एकच जण बठ्ठं खाई ग्या ते दुसराले काय उरी?" ते म्हणाले.

मी वाढवलेला वेग निम्म्यावर आणला. प्रोसेसर साडेतीनच्या आसपास टिकला. अजून थोडं वाढवून बघावं का, या विचारात होतो तेवढ्यात फोन वाजला. सासूबाई होत्या. "दवाखान्यात निघालोय. या."

गेम तसाच चालू ठेवून आम्ही निघालो. रस्त्यात मी स्कूटर जोरात हाकली की खांद्यावरचा नानांचा हात घट्ट व्हायचा. यावलच्या पुढे दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागल्या, जरा गारवा आला, पण माझ्या तळहाताचा घाम काही वाळेना.

आम्ही पोचल्यावर तासाभरानं मुलगी झाली. नर्सनं ती आधी नानांकडे दिली. ते म्हणाले, "मना हात खरबरीत शेतस," आणि मागे सरकले. मग मीच पुढे झालो.